ताप म्हणजे शरीराची यंत्रणा बंद पडणं का?

शरीर आतलं तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास राखतं, मग ताप येतो तेव्हा ही व्यवस्था बंद पडते का, आणि अंग तापलेलं असताना थंडी का वाजते, असे तुमचे दोन प्रश्न आहेत. दुसऱ्याचं उत्तर कळलं की पहिला उरतच नाही.

तापमानाचा कारभार मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसकडे असतो. जंतुसंसर्ग झाला की रोगप्रतिकारक पेशी काही रसायनं सोडतात. त्यामुळे मेंदूच्या या भागात प्रोस्टाग्लँडिन ई-२ हे रसायन वाढतं आणि राखायचं तापमानच वर सरकतं. एसीवरचा आकडा कुणीतरी बदलावा तसं. समजा तो ३९ झाला. रक्त अजून ३७ वरच आहे, म्हणजे हायपोथॅलॅमसच्या हिशेबी तुम्ही दोन अंशांनी गारठलेले आहात! मग कडाक्याच्या थंडीत जे होतं तेच सुरू होतं. कातडीकडच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात, म्हणून कपाळ तापलेलं असूनही हातपाय गार लागतात. स्नायू थरथरून उष्णता तयार करतात, हीच ती हुडहुडी. ३९ गाठलं की ती थांबते.

उतरताना सगळं उलट. लक्ष्य पुन्हा ३७ वर आलं की ३९ जास्त ठरतं, रक्तवाहिन्या सैलावतात आणि दरदरून घाम फुटतो. तेव्हा घाम काढण्यासाठी तापलेल्या माणसावर पांघरुणं रचण्यात काही अर्थ नाही. ताप उतरू लागतो म्हणून घाम येतो. पॅरासिटामॉलही घाम काढत नाही. मेंदूत प्रोस्टाग्लँडिन कमी तयार होऊ देतं, म्हणून लक्ष्य खाली येतं.

थोडक्यात, यंत्रणा चालूच असते, फक्त वेगळ्या आकड्यासाठी राबत असते. तसंही ३७ हा काही दगडावर कोरलेला आकडा नाही. निरोगी माणसाचं तापमान पहाटे सर्वांत कमी आणि संध्याकाळकडे जास्त असतं. अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९२० च्या दशकात होमिओस्टॅसिसची, म्हणजे शरीर आतली स्थिती राखून ठेवतं ही कल्पना मांडली, तीही साचलेपणाची नव्हती; थोडंफार बदलत राहूनही टिकणारी अवस्था त्यांना अभिप्रेत होती. अर्थात प्रत्येक गोष्टीत एवढी ढील मिळत नाही. रक्ताचा पीएच, म्हणजे आम्लता मोजण्याचा आकडा, ७.३५ ते ७.४५ या चिंचोळ्या पट्ट्यातच लागतो.

आणि एक गोष्ट धरून ठेवायची तर दुसरी खर्च करावी लागते, हे पाठ्यपुस्तकात नीट येत नाही. घामाने शरीर गार होतं, पण पाणी आणि मीठ जातं. रक्त जरा दाट झालं की व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक वाढतं, मूत्रपिंडं पाणी अडवतात, लघवी कमी आणि गडद होते, तहान लागते.

उष्माघाताचं प्रकरण मात्र वेगळं. तिथे लक्ष्य ३७ च असतं, उष्णता बाहेर टाकणंच जमेनासं होतं आणि तापमान ४० च्या वर जाऊ शकतं. यंत्रणा हरली असं म्हणायचं असेल तर ते इथे. पॅरासिटामॉल याला लागू पडत नाही, कारण खाली आणायला लक्ष्य वर गेलेलंच नसतं. उन्हातला माणूस असंबद्ध बोलू लागला तर गोळी शोधत बसू नका. सावलीत न्या, अंगावर गार पाणी ओता, वारा घाला आणि लगेच रुग्णवाहिका बोलवा. तो शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी ओतू नका.