सुईची ओळ सोडू नकोस

अगं,

तुझी कविता रात्रीच वाचली, रिप्लायला उशीर झाला कारण काय लिहावं तेच ठरत नव्हतं. तिच्यावरून तीन मिनिटांची फिल्म करायची, मावशीवर, ती तुझी हिरो, इथपर्यंत मस्तच. पण पहिल्या तीन कडव्यांत कष्टाळू, खंबीर, प्रेमळ, सगळं येऊन गेलंय आणि हे शब्द कोणाच्याही मावशीला चिकटवता येतील ना? चौथ्या कडव्यात मात्र एक ओळ आहे, आधी ती तुला सुई ओवायला शिकवायची आणि आता तिला नीट दिसत नाही म्हणून तूच ओवून देतेस. तिथे मी थांबलो. तुझी फिल्म ती आहे, बाकीचं उडवलंस तरी चालेल.

माया डेरेन नावाची एक बाई होती, १९४३ साली तिने नवऱ्याबरोबर स्वतःच्या घरातच १६ एमएमच्या कॅमेऱ्यावर फिल्म केली होती. पुढे १९५३ मध्ये न्यूयॉर्कला कविता आणि फिल्म यावर एक चर्चा झाली, त्यात तिने मांडलं की गोष्ट आडवी चालते, हे झालं मग ते झालं, आणि कविता एकाच क्षणात उभी खाली उतरते. शिवणकामाच्या घरातल्या पोरीला उभा धागा आडवा धागा मी काय सांगणार. तुझा प्लॅन सगळा आडवा आहे, मावशीचं लहानपण, लग्न, मशीन घेतली, तुला वाढवलं. तीन मिनिटांत एवढं मावतच नाही. सुईपाशीच थांब.

आता ते शूट कसं करायचं. लहानपणीची तू दाखवायला शेजारची छोटी मुलगी वगैरे आणू नकोस प्लीज. चित्रात फक्त आजचं दाखव, मावशीचा हात, दोऱ्याचं टोक नेढ्याला चुकतंय, परत चुकतंय, मग फ्रेममध्ये तुझा हात येतो. आणि आवाजात जुनं सांग, ती तुला दोरा ओला करून टोकदार कर म्हणायची ते. जे दिसतंय तेच बोललीस तर दोन्ही वाया जातं, ही चूक जवळजवळ सगळे करतात, मीही केलीये. 'मी मोठी झाले' ही ओळ तर काढूनच टाक, तुझा हात आला की कळतंच ते.

मोबाईल सुईच्या अगदी जवळ नेलास तर फोकस जाईल, जरा मागे राहा आणि थोडा झूम कर. मागे गडद कापड, उजेड खिडकीतून बाजूने, म्हणजे दोरा दिसेल. स्क्रीनवर बोट दाबून धरून फोकस आणि एक्स्पोजर लॉक कर, नाहीतर हात हलला की उजेड कमीजास्त होत राहतो. स्लो मोशन नको.

मावशीला कॅमेऱ्यासमोर रडायला तर अजिबात सांगू नकोस. कुलेशोव नावाच्या रशियन दिग्दर्शकाचा प्रयोग सांगतात, शंभरेक वर्षांपूर्वीचा, एका नटाचा तोच निर्विकार चेहरा एकदा सूपच्या वाडग्याशेजारी जोडला, एकदा शवपेटीशेजारी, आणि लोकांना त्यात कधी भूक दिसली कधी दुःख. म्हणजे चेहरा साधाच राहू दे, शेजारी काय लावतेस ते बघ.

आवाजावर मात्र वेळ घालव, चित्रापेक्षा जास्त. मशीनची खडखड वेगळी रेकॉर्ड कर, सुरू होताना, वेग घेताना, थांबताना. मग सगळ्यांना गप्प बसवून त्या खोलीची नुसती शांतता तीस सेकंद घे, एडिटमध्ये आवाजाचे तुकडे जोडताना मध्ये भोकं पडतात तिथे तीच कामाला येते. कविता वाचताना डोक्यावर गोधडी घे, हसू नकोस, खोली घुमत नाही त्याने. फोन तोंडापासून वीतभर लांब. टायमर लावून वाच, दीड मिनिटाच्या वर गेलं की कापायला लाग, उरलेला वेळ मशीन बोलेल.

म्युझिकचं विचारलंस म्हणून सांगतो. माझी पहिली फिल्म माझ्या सरांवर होती, पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत रडका पियानो आणि सूर्यास्त (दोन सूर्यास्त, खरंतर). सरांनी पूर्ण बघितली आणि म्हणाले, अरे, मी अजून जिवंत आहे. तेव्हापासून पियानो बंद.

आणि हो, मावशीला विचारलंयस ना? डोळ्यांचा विषय आहे, सगळ्यांसमोर दाखवलेलं तिला चालेलच असं नाही. नाही म्हणाली तर नुसते हात ठेव, चेहरा काढून टाक. कुठेही पाठवायच्या आधी तिला एकटीला बसवून दाखव, आणि तेव्हा स्क्रीनकडे नको, तिच्याकडे बघ, कुठे कंटाळली ते लगेच कळेल तुला.

रविवारपर्यंत फक्त तो सुईचा शॉट काढून पाठव, एडिट न करता, पाच-सहा टेक असले तरी सगळे पाठव.