प्रबंध चालू असताना क्यूजीआयएस या नकाशे बनवण्याच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती टाकायची तर जुनी काढावी का?

काढू नका. नागपूर जिल्ह्याच्या मातीचे नकाशे अर्धे झालेत म्हणता, तर जुनी आवृत्ती प्रबंध जमा होईपर्यंत राहू द्या. विंडोजवर एमएसआय या इन्स्टॉलर फाईलने टाकलेली प्रत्येक आवृत्ती वेगळ्या फोल्डरमध्ये बसते, त्यामुळे दोन्ही शेजारी शेजारी चालतात.

खरी अडचण प्रोजेक्ट फाईलची आहे. नव्या आवृत्तीत सेव्ह केलेली फाईल जुनीत उघडली तर काही गोष्टी गळू शकतात. म्हणून आधी फाईलची प्रत काढा आणि प्रयोग त्या प्रतीवरच करा. प्लगइन (जोडून घेतलेल्या जादा सोयी) आणि सेटिंग्ज मात्र दोन्ही आवृत्त्या एकाच प्रोफाइलमधून, म्हणजे त्या साठवणाऱ्या फोल्डरमधून, घेतात (दोन्ही तिसऱ्या मालिकेतल्या, म्हणजे ३ ने सुरू होणाऱ्या क्रमांकाच्या, असतील तर). नव्यासाठी स्वतंत्र प्रोफाइल बनवलं की जुन्याला धक्का लागत नाही.

निवडताना दीर्घकालीन आवृत्ती, म्हणजे एलटीआर, घ्या. तिच्यात नव्या सोयी येत नाहीत, फक्त दुरुस्त्या येतात, आणि संशोधनाला तेच हवं. वारंवार अपडेट करायचं असेल तर ओएसजिओफोरडब्ल्यू इन्स्टॉलर बरा, तो बदललेले भागच उतरवतो.

टाकून झाल्यावर नकाशाच्या थराची (लेयरची) प्रक्षेपण प्रणाली, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची पद्धत, तपासा. यूटीएम ही पृथ्वीचे उभे पट्टे पाडणारी प्रणाली; नागपूर तिच्या ४४ उत्तर पट्ट्यात येतं, त्या प्रणालीचा कोड ३२६४४. अकोला-अमरावतीचा डेटा सोबत असेल तर तो ४३ उत्तर पट्ट्यात असू शकतो.