'गेट' या क्रियापदाशी ओळख करून घेताना

इंग्रजीतल्या 'गेट' (get) या क्रियापदाचे अर्थ कोशातून एकेक पाठ करत बसण्यापेक्षा त्याच्यापुढे काय येते, तिकडे लक्ष द्यावे. नाम आल्यास बहुधा मिळणे किंवा आणणे, विशेषण आल्यास होणे, 'टू' घेऊन स्थळ आल्यास पोहोचणे, जसे 'गेट टू द स्टेशन'. मात्र 'गेट होम'मध्ये 'टू' घालू नये. खरी मौज प्रयोजक रचनेत, म्हणजे दुसऱ्याकडून काम करून घेतल्याचे सांगणाऱ्या रचनेत आहे: न्हाव्याकडून केस कापून घेतल्यावर आपण सर्रास 'आय कट माय हेअर' म्हणतो, म्हणजे कात्री आपल्याच हातात होती असे सांगतो, 'आय गॉट माय हेअर कट' म्हटले की मराठीतले 'करून घेणे' नेमके उतरते. 'गेट ओव्हर' (सावरणे), 'गेट अलाँग' (जुळवून घेणे) यांसारखे जोडप्रयोग वाक्यासकटच शिकावेत. 'गॉटन' हे भूतकालवाचक धातुसाधित, म्हणजे 'हॅव'नंतर येणारे रूप, अमेरिकेत रूढ आहे, तर ब्रिटिश लेखनात सहसा 'गॉट' लिहितात.