किड्यांचे डबे आणि घराण्याची बँक

(एका वडिलांचं पत्र. आजोबांनी पतसंस्था काढली, वडील नागरी सहकारी बँकेत संचालक. मुलगा बीएस्सी झूलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला, त्याला कीटकशास्त्रात जायचंय. वडील लिहितात, ‘रॉथशील्ड घराणं बघा, पिढ्यानपिढ्या पोरं बँकेतच. आमच्याही रक्तात बँकिंग आहे.’)

नमस्कार.

मुलाचे मार्क तुम्ही एका ओळीत उरकलेत, मीही उरकतो: बरे आहेत. मी अडकलो ते तिसऱ्या पानावर. ‘मागच्या रविवारी त्याचे किड्यांचे डबे भंगारवाल्याला देऊन टाकले, म्हटलं डोकं ताळ्यावर येईल.’ दोन पावसाळे जमवलेले भुंगेरे, प्रत्येकाखाली गाव आणि तारखेची चिठ्ठी, हेही तुम्हीच लिहिलंय. म्हणजे चिठ्ठ्या वाचल्या होत्यात. साहेब, बँकेची खतावणी कुणी अशी रद्दीत घातली असती तर तुम्ही त्याला उभं केलं असतंत का?

आता रॉथशील्ड. उदाहरण तुमचंच, तर ते पुरतं बघू. लंडनच्या घरातला थोरला वॉल्टर १८८९ मध्ये बँकेत बसला आणि १८ - १९ वर्षं नुसता बसलाच. जीव सगळा इंग्लंडातल्या ट्रिंग गावी असलेल्या त्याच्या संग्रहालयातल्या पक्ष्यांत आणि फुलपाखरांत. गाडीला झेब्रे जुंपून लंडनमधून हिंडायचा. १९०८ मध्ये त्याची बँकेतून सुटका झाली. बँकेचीही झाली म्हणा. धाकटा चार्ल्स तुम्हाला आवडेल असा. त्याने बँकेत इमानाने काम केलं आणि उरलेल्या वेळात पिसवा अभ्यासल्या. जवळपास ५०० नव्या जातींचं वर्णन केलं. त्यातली एक, १९०३ ची, झेनोप्सिला चिओपिस. उंदरावरची ही पिसू म्हणजे प्लेगची मुख्य वाहक. १८९६ मध्ये मुंबईत आणि पाठोपाठ पुण्यात प्लेग आला, माणसं घरं सोडून माळावर झोपड्यांत राहिली, ती हिच्यापायी.

अर्थात दोन्ही भावांच्या मागे घरची तिजोरी होती. तुमच्या मुलाला पगार लागेल, ही तुमची काळजी मला पटते.

पण ‘रक्तात बँकिंग’ हे काढून टाका. रॉथशील्डांची बँक घरची भागीदारी होती, भांडवल त्यांचं. मूळपुरुष मायर आमशेलने १८१२ च्या मृत्युपत्रात मुली आणि जावयांनाही धंद्याबाहेर ठेवलं होतं. तुमची बँक सभासदांची आहे. तुम्ही निवडून आलेले संचालक, मालक नाही. ती खुर्ची मुलाच्या नावावर होत नाही. तो आयबीपीएस ही बँकभरतीची परीक्षा देऊन पीओ, म्हणजे प्रोबेशनरी ऑफिसर, झाला तर परराज्यातल्या एखाद्या शाखेत काउंटरमागे बसेल, आणि तिथे तुमचं आडनाव कुणाला ठाऊकही नसेल.

पीओची परीक्षा कोणत्याही पदवीधराला तिशीपर्यंत देता येते. ती कुठे पळून जात नाही. कीटकशास्त्रासाठी पुदुच्चेरीच्या व्हेक्टर कंट्रोल रिसर्च सेंटरची (व्हेक्टर म्हणजे रोग पसरवणारे कीटक) पब्लिक हेल्थ एन्टोमॉलॉजीतली, म्हणजे सार्वजनिक आरोग्याच्या कीटकशास्त्रातली, एमएस्सी बघा, झूलॉजीवाल्यांना चालते. नाहीतर झूलॉजीत एमएस्सी करून नेट-जेआरएफ, म्हणजे संशोधनाच्या फेलोशिपची परीक्षा. फेलोशिप महिना ३७,००० रुपये आहे. कृषी विद्यापीठातल्या कीटकशास्त्राला मात्र साधारणपणे कृषी पदवी मागतात, तिथे धडपडू नका. आणि आपल्याच आरोग्य खात्यात ‘कीटक समाहारक’, म्हणजे किडे गोळा करणारा, नावाचं पद असतं, हे तुम्हाला माहीत होतं?

पुढचं पत्र मुलाला लिहू द्या, तुम्ही न वाचता पाठवा. त्याआधी भंगारवाल्याकडे जाऊन या. डबे पत्र्याचे असतील तर एवढ्यात वितळवले नसतील.