वाचकांचे प्रश्न : पावसात आपोआप वाजणारी घंटा

प्रश्न : आमचे घर रस्त्यापासून बरेच आत, आंब्याच्या बागेत आहे. गाडी आल्याचे कळावे म्हणून फाटकाच्या आत काँक्रीटच्या वाटेत तारेचे लूप पुरले आहे आणि त्याचा डिटेक्टर पडवीत बसवला आहे. उन्हाळ्यात सारे बिनचूक चालते, पण पाऊस लागला की वाटेवर कोणी नसतानाही घंटा वाजते. वायरमनने संवेदनशीलता कमी करून दिली, तर आता मोटरसायकल आलेली कळत नाही. जांभ्यातल्या लोहाचा हा परिणाम असेल का?
– एक वाचक, दापोली

उत्तर : जांभ्याचा येथे काही दोष नाही. डिटेक्टर लूपमधून उच्च वारंवारतेचा प्रवाह खेळवत असतो. गाडीचा धातूचा तळ लूपवर आला की त्या धातूत फिरते प्रवाह निर्माण होतात, लूपचे इंडक्टन्स (प्रवाहातल्या बदलाला विरोध करण्याचा गुण) घटते, वारंवारता किंचित वाढते आणि तेवढ्या फरकावर रिले (विजेने चालणारा स्विच) ओढला जाऊन घंटा वाजते. जमिनीतले लोह किंवा काँक्रीटमधल्या सळया जागच्या हलत नाहीत, त्यामुळे डिटेक्टर चालू होताना त्यांच्यासकट असलेली स्थितीच शून्य धरतो. ऊन किंवा ओल यांमुळे सावकाश पडणारा फरकही तो आपणहून सांभाळून घेतो. झटक्याने पडलेला फरक मात्र त्याच्या लेखी गाडीच असते आणि तारेच्या आवरणाला पडलेल्या चिरेत किंवा कच्च्या जोडात पाणी शिरले की नेमका तसाच फरक पडू लागतो.

म्हणून संवेदनशीलता कमी करण्याचा उपाय मला मुळीच पटत नाही. त्याने दोष जातच नाही, फक्त झाकला जातो, आणि यंत्रणा ज्यासाठी बसवली तेच काम बिघडते. बटण पूर्वीच्या जागी आणा आणि जमीन ओली असतानाच तपासणी करा, कारण कोरड्या जमिनीत हा दोष मापकाला सापडत नाही.

आधी वीजपुरवठा बंद करून लूपच्या दोन्ही तारा डिटेक्टरपासून सोडवा. मल्टिमीटरने त्या दोन टोकांमधला रोध मोजा. तो काही ओहमच भरायला हवा आणि आकडा स्थिर राहायला हवा. आकडा नाचत असेल, तर जोड सैल आहे. मग 500 व्होल्टचा मेगर, म्हणजे आवरणाचा रोध मोजणारे यंत्र, एका तारेला आणि अर्थिंगला लावा. दहा मेगाओहमच्या वर वाचन मिळाले तर आवरण ठीक समजावे, एक मेगाओहमच्या खाली आले तर पाणी शिरले आहे हे नक्की. डिटेक्टर जोडलेला असताना मेगर कधीही लावू नका, त्यातले सर्किट जळेल. मेगर मिळत नसल्यास साध्या वायरचे सुमारे एक मीटर व्यासाचे सहा वेढे घट्ट बांधून ते लूपच्या जागी डिटेक्टरला जोडा आणि लोखंडी वस्तूंपासून दूर, हलणार नाहीत असे टांगून ठेवा. भर पावसातही घंटा गप्प राहिली तर दोष जमिनीत आहे. तरीही वाजली तर डिटेक्टर किंवा त्याचा वीजपुरवठा तपासावा.

बहुतेक वेळा खोट निघते ती लूपची तार घराकडे जाणाऱ्या केबलला जिथे जोडलेली असते तिथे. नुसती इन्सुलेशन टेप गुंडाळलेला जोड कोकणच्या पावसात टिकत नाही. तो कापून काढा, तारांना डाक द्या, आतून गोंद असलेली हीट श्रिंक (तापवल्यावर आक्रसणारी) नळी चढवा आणि शक्य तर जोड रेझिनमध्ये बुडवून बंद करा. घरापर्यंतच्या दोन तारांना मीटरमागे निदान वीस पीळ हवेत आणि त्या 230 व्होल्टच्या वायरींबरोबर एकाच पाइपातून आणू नयेत.

लूपचेच आवरण गेले असेल, तर डागडुजीच्या नादी न लागता नवे लूप टाकावे. दोन मीटर बाय एक मीटरच्या लूपला चार वेढे पुरतात. कटरने खाच मारताना कोपरे तिरके कापावेत, कारण काटकोनात वळलेली तार काँक्रीट हलले की तिथेच सोलली जाते. शक्यतो मध्ये जोड नसलेली, एकसंध तार वापरा. मोटरसायकलमध्ये धातू कमी असल्याने ती लूपच्या मधोमध येण्यापेक्षा तारेवरून गेली तर चांगली पकडली जाते. लूपची जागा ठरवताना हे ध्यानात ठेवावे.

मेगरचे वाचन चांगले आले, तर मात्र फाटकाकडे पाहा. पावसाळी वाऱ्याने हलणारे लोखंडी फाटक लूपच्या जवळ असेल, तर तेही गाडीसारखेच पकडले जाते. दोहोंत निदान एक मीटर अंतर हवे.

प्रश्न : द्राक्षबागेच्या फाटकावर 12 व्होल्टचा इन्फ्रारेड बीम सेन्सर आणि भोंगा लावला आहे. वीज घरातल्या अ‍ॅडॉप्टरवरून सुमारे 120 मीटर टेलिफोन वायरने नेली आहे. गाडी आली की भोंगा क्षणभर वाजतो, बंद पडतो, पुन्हा वाजतो. सेन्सर बदलूनही फरक नाही.
– एक वाचक, निफाड

उत्तर : सेन्सर बदलण्याची गरज नव्हती, दोष वायरीत आहे. अर्धा मिलिमीटर जाडीच्या टेलिफोन वायरीचा जाऊन-येऊन 240 मीटरचा रोध सुमारे 21 ओहम होतो. सेन्सर आणि भोंगा मिळून 330 मिलिअँपिअर घेत असतील, तर वाटेतच जवळजवळ सात व्होल्ट पडतात आणि फाटकाशी जेमतेम पाच उरतात. सेन्सर बंद पडतो, भोंगा थांबतो, प्रवाह घटताच व्होल्टेज वर येते आणि तेच चक्र पुन्हा सुरू होते. भोंगा वाजत असताना सेन्सरच्या टर्मिनलवर मल्टिमीटर धरलात तर हे स्वतःच दिसेल. दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर टाकल्यास ही घट एका व्होल्टच्या आसपास येते. तूर्त तेवढा खर्च नको असेल, तर भोंग्याला फाटकाशीच वेगळी बॅटरी द्या आणि जुन्या वायरीवर फक्त सेन्सर ठेवा. सेन्सरचा संपर्क घरातल्या पॅनेलपर्यंत नेणार असाल, तर तो एरवी जोडलेल्या राहणाऱ्या (NC) टर्मिनलवरून न्या, म्हणजे कोणी वायर कापली तरी घरात इशारा मिळेल.