शाळेच्या चरित्र-प्रकल्पासाठी संदर्भ कसे शोधायचे आणि कसे लिहायचे?

सुरुवात विकिपीडियापासून करा, पण संदर्भ म्हणून तोच लेख देऊ नका. लेखाच्या तळाशी संदर्भसूची असते, तिथून मूळ पुस्तक किंवा संस्थेचं पान गाठा. तीन-चार चांगले संदर्भ पुरतात. त्यात एक तरी छापील चरित्र हवंच.

खरी गडबड टिपणं काढताना होते. माहिती वहीत उतरते, पण ती कुठून घेतली हे राहून जातं, आणि शेवटच्या रात्री पान सापडत नाही. म्हणून प्रत्येक टिपणाशेजारी तेव्हाच पुस्तकाचं नाव आणि पृष्ठ क्रमांक लिहा. जसंच्या तसं उतरवलेलं वाक्य अवतरणचिन्हांत ठेवा, नाहीतर नंतर ते आपलंच वाटू लागतं.

तारखा आणि पुरस्कार दोन ठिकाणी पडताळा. मेरी क्युरींचं १९०३ चं नोबेल पिएर क्युरी आणि आंरी बेकरेल यांच्यासोबत विभागून होतं. एकटीचं १९११ चं. ही गल्लत अनेक प्रकल्पांत दिसते. एकमेकांची नक्कल केलेली दोन संकेतस्थळं मात्र एकच संदर्भ धरा.

नोंदीचा क्रम: लेखक, पुस्तक, प्रकाशक, वर्ष, पृष्ठ. वर्ष शीर्षकपानाच्या मागे सापडतं. संकेतस्थळ असेल तर पानाचं शीर्षक, पत्ता आणि पाहिल्याची तारीख. शिक्षकांनी वेगळी पद्धत सांगितली असेल तर तीच पाळा.