वाट्या फुटल्या तरी पॉटरीचा क्लास सोडू नकोस

अगं, भट्टीत तीन वाट्या गेल्या म्हणून नाराज होऊ नकोस, ठाण्यात जुलैमधे माती वाळता वाळत नाही, वरून कोरडी दिसते पण आत ओल असते, १०० अंशाला तिची वाफ होते आणि भांडं फुटतं. गालाला लावून बघ, गार लागलं तर अजून थांब.

सध्या एवढंच:
- माती भरपूर मळ.
- गोळा चाकावर मधोमध बसल्याशिवाय भांड्याची भिंत वर ओढू नकोस. माझे यातच दोन महिने गेले, पण हात तिथेच बसला.
- पाणी कमी! नवीन सगळे इथेच चुकतात, माती ढिली पडून बसते.
- कडा आधी वाळतात, त्यांच्यावर प्लॅस्टिक टाक.

ग्लेझचं (भांड्यावरच्या काचेसारख्या चकचकीत थराचं) आत्ता डोक्यातच घेऊ नकोस. न भाजलेलं कच्चं भांडं मोडलं तर भिजवून परत वापर.